निळ्या जॅकेटमधलं माणूस

माझी मुलगी वन्यप्राण्यांचा अभ्यास करायला स्वीडनच्या पार उत्तरेला गेली, त्यानंतर मला पहिली शंका आली ती तिथल्या उजेडाची. जूनमध्ये तिनं जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांचे फोटो पाठवले. फोटोखालच्या पट्टीवर रात्रीचे साडेबारा छापलेले आणि वर झाडांवर पिवळं ऊन. मी लगेच फोन केला.

"तुझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलंय."

"नाही गं आई. इथं सध्या सूर्य मावळतच नाही."

हे मी शाळेत भूगोलात वाचलं होतं. तरी मी त्या कॅमेऱ्याचे एका दिवसाचे सगळे फोटो ओळीनं उघडले आणि एकाच झाडाची सावली बघत बसले. सावली हळूहळू सरकत खोडाभोवती पूर्ण फेरी मारून पुन्हा पहिल्या जागी आली. तेव्हा कुठं मी मान्य केलं.

मिस्टर याला माझी खोड म्हणतात. ती मला नोकरीनं लावली. पिंपरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी चोवीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली. ट्रे समोर यायचा, एकेक भाग उचलायचा, ट्यूबलाइटखाली फिरवायचा, कडेवरून अंगठा न्यायचा. चांगला तो हिरव्या खोक्यात, वाईट तो लाल खोक्यात. खोक्यातले सिरियल नंबर सलग आहेत का ते शेवटी बघायचं, कारण मधला नंबर गायब असला की कुणीतरी खराब माल आपल्या नजरेआडून पुढं सरकवलेला असायचा. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं लाइन हलवली तेव्हा मी व्हीआरएस घेतली आणि घरी बसले. मिस्टर अजून चाकणला टूलरूममध्ये आहेत. कासारवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत दुपार फार मोठी असते.

मुलीला हे ठाऊक होतं. तिनं जंगलात चौदा ट्रेल कॅमेरे लावले होते. झाडाला पट्ट्यानं बांधायचे, पुढून काही हललं की आपोआप तीन फोटो काढतात. पण गवत वाऱ्यानं हललं तरी काढतात. हजार फोटोंत प्राणी असतो पन्नास-साठ फोटोंत.

"आई, तुझा डोळा मला हवाय," ती म्हणाली. "रिकामे कुठले, प्राणी कुठले, माणूस कुठला, एवढं एक्सेलमध्ये भरून दे."

मी तिच्या जुन्या लॅपटॉपवर बसले आणि दोन आठवड्यांत मला त्याचा नाद लागला. सात नंबरच्या कॅमेऱ्यासमोर एक मूसची मादी यायची. मूस म्हणजे सांबराच्या जातीचं, पण घोड्याहून उंच, लोंबत्या ओठाचं जनावर. तिच्या मागे तांबूस पिल्लू, पाय शरीराला न शोभणारे. तिसऱ्या कॅमेऱ्यावर रेनडिअरचा कळप डासांनी हैराण होऊन डोकी झटकत उभा राहायचा, त्यामुळे सगळे फोटो हललेले. नऊ नंबरवर एकदा अस्वलाची नुसती पाठ दिसली, खोडावर घासत असलेली. आमच्याकडे कूलरचं पाणी दिवसातून दोनदा भरावं लागत होतं आणि मी तिकडच्या ओल्या शेवाळावरून चालणारा कोल्हा बघत होते.

कॅमेऱ्यात मुलगीही यायची. दर आठवड्याला ती कार्ड आणि बॅटऱ्या बदलायला जायची, तेव्हा तिचेही फोटो निघायचे. डासांमुळे ती डोक्यावरून जाळी घालायची, म्हणून तोंड दिसत नसे. अंगात निळं जॅकेट. ते आम्ही दोघींनी चिंचवडला घेतलं होतं, पाठीवर आडवी पांढरी पट्टी असलेलं. ती यायची, कॅमेऱ्यासमोर वाकायची आणि डाव्या हातानं काच पुसायची. माझी मुलगी डावरी आहे. लहानपणी शाळेतल्या बाईंनी तिचा हात बदलायचा प्रयत्न केला होता, तेव्हा मी शाळेत जाऊन भांडले होते. त्या रांगेत 'माणूस' असं भरताना मला रोज थोडं हसू यायचं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातला फोल्डर आला. सात नंबरचा कॅमेरा मी आधी उघडला. मूस होती, पिल्लू होतं, मग निळं जॅकेट आलं. जाळी तीच, पाठीवरची पट्टी तीच. वाकून काच पुसली.

उजव्या हातानं.

मी फोटो मोठा केला. वाटलं, डाव्या हातात काहीतरी धरलं असेल. डावा हात मोकळा होता. मग मी पाच नंबरचा उघडला. उजवा हात. नऊ नंबरचा उघडला. तिथंही उजवा.

मी पट्टी आणली. सात नंबरच्या कॅमेऱ्यासमोर एक बर्चचं झाड आहे, त्याच्या खोडावर काळा डोळ्यासारखा व्रण आहे. जूनच्या फोटोत मुलगी त्या झाडाशी उभी असताना तो व्रण तिच्या कपाळाशी येत होता. आता तोच व्रण जॅकेटच्या कॉलरशी आला होता. महिनाभरात माणूस एवढा वाढत नाही.

माझ्या मुलीच्या जॅकेटमध्ये दुसरंच कुणीतरी होतं.

त्या दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी काही दाखवलं नाही. ती पलंगाला टेकून बसली होती, खांद्यापासून वर दिसत होती.

"कॅमेऱ्यांकडे गेली होतीस का या आठवड्यात?"

"हो, मंगळवारी."

"सगळ्या चौदांकडे?"

"हो गं. पाय गेले चालून."

"जेवलीस काय?"

"सूप, ब्रेड." ती हसली. चेहरा उतरलेला होता, पण ती म्हणाली की उजेडात झोप लागत नाही.

फोन ठेवल्यावर मी बसूनच राहिले. तिनं सरळ खोटं सांगितलं होतं. ती गेलीच नव्हती. मग कोण गेलं? उंच होतं, खांदे रुंद होते. माझ्या मनात पहिल्यांदा जे यायचं तेच आलं, की कुणीतरी मुलगा आहे. असेना का, तिचं वय सव्वीस आहे, पण मग लपवायचं कशाला? त्याला जॅकेट देण्याइतकी ओळख आहे आणि आईला नावही सांगत नाही? दुसऱ्या दिवशी त्याहून वाईट विचार आला. ती त्या गावात आहे की नाही, हेच मला कुठं माहीत होतं? मला दिसत होती एक भिंत, एक उशी आणि तिचे खांदे.

मी मागच्या आठवडाभराचे कॉल आठवत गेले. प्रत्येक वेळी तीच भिंत. आधी ती फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात फिरायची, खिडकीतून तळं दाखवायची. आता एकदाही उठली नव्हती. आणि तिची हाक ऐकू आली की मिस्टर आधी धावत यायचे, स्क्रीनमध्ये डोकं खुपसायचे. हल्ली ते कॉलच्या वेळी बाल्कनीत जाऊन दोरीवरचे कपडे काढत बसायचे.

ते पहिल्या शिफ्टवरून साडेचारला आले. मी त्यांच्यापुढे लॅपटॉप ठेवला.

"हे बघा. ही आपली नाही."

त्यांनी बूट काढता काढता बघितलं. "जॅकेट तर तेच हाय."

"जॅकेट तेच आहे. आतलं माणूस वेगळं आहे. हात बघा."

"फोटो उलटा पडला असंल."

"फोटो उलटा पडला असता तर झाडही उलटं दिसलं असतं."

"उगं कशाला डोकं लावतीस त्याच्यात? तुला प्राणी बघायला सांगितलेत, प्राणी बघ." आणि ते चहा न घेताच आंघोळीला गेले.

माझे मिस्टर असे नाहीत. टूलरूममधला माणूस आहे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून साहेबाशी वाद घालणारा. मी घरात एखादी फट दाखवली तर खिशातून टेप काढतात. मी मापाची गोष्ट काढली आणि ते मोजायला बसले नाहीत, हे गेल्या तीस वर्षांत झालं नव्हतं.

आता मी त्यांच्यावर नजर ठेवू लागले. सांगायला लाज वाटते, पण ठेवली. त्यांचा फोन वाजला की ते जिन्यात जाऊन बोलायचे. एकदा मी दाराशी उभी राहिले, तर एवढंच ऐकू आलं, "नाही, तिला नाही... नाही, बरी झोप काढ तू." मी पटकन आत आले. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी माझा नवरा जिन्यात उभा राहून कुणाला झोप काढायला सांगतोय, हे मी कुणाला विचारणार होते?

मग आठवलं की दहा दिवसांपूर्वी ते कामावरून आले तेव्हा त्यांच्या कपाळावर पुसट काळं काहीतरी होतं. बुक्का होता. हा माणूस देवळात जात नाही. लग्नानंतर मी आळंदीला चला म्हणाले तर बाहेर चप्पल सांभाळत बसले होते. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "कंपनीत पूजा होती." मी त्यावर विश्वास ठेवला होता. आता ठेवता येईना. पूजेला कंपनीत कुंकू लावतात, बुक्का कुठला?

मी पुन्हा फोटोंकडे वळले, कारण माणसांपेक्षा मला तिथं काही शोधता येत होतं. या वेळी चित्रं सोडून नंबर बघितले. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. प्रत्येक फोटोला कॅमेरा स्वतःच ओळीनं नंबर देतो. सहा कॅमेऱ्यांचे नंबर सलग होते. आणखी पाचांचे सलग होते. बारा नंबरच्या कॅमेऱ्यात चारशे बारानंतर एकदम सहाशे एकोणनव्वद नंबरचा फोटो होता.

दोनशे शहात्तर फोटो गायब.

चारशे बारा नंबरच्या फोटोत माझी मुलगी होती. खरी, डाव्या हातानं डास मारणारी. पुढे ओढ्यावर एक आडवं पडलेलं खोड होतं आणि ती त्याच्याकडे निघाली होती. सहाशे एकोणनव्वदमध्ये नुसता ओढा होता आणि खोडावर ऊन पडलं होतं. दोन फोटोंच्या वेळांमध्ये सात तासांहून जास्त अंतर. त्या तारखेनंतर कुठल्याच कॅमेऱ्यात डावा हात नव्हता.

मी तारीख कॅलेंडरवर बघितली. बुक्का त्याच्या दुसऱ्या दिवशीचा होता.

साडेचारला कुलूप उघडल्याचा आवाज आला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी कागद घेऊन बसले होते. कागदावर दोन नंबर आणि एक तारीख लिहिली होती. मिस्टरांनी कागद उचलला, वाचला आणि उभ्याचे खाली बसले.

"काय झालंय तिला?" मी विचारलं. "जिवंत आहे ना?"

आदल्या दिवशीच मी तिच्याशी बोलले होते, तरी माझ्या तोंडून हेच आलं.

"हाय, हाय. जिवंत हाय. चांगली हाय." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "घोटा मोडला तिचा. ऑपरेशन झालं. प्लेट घातली, सहा स्क्रू."

मग त्यांनी सगळं सांगितलं. जंगलात नेहमी दोघींनी जायचं असा त्यांचा नियम. बरोबरच्या बाईला त्या दिवशी ताप होता म्हणून मुलगी एकटी गेली. बारा नंबरपाशी ओढ्यावरच्या खोडावरून पाय घसरला आणि दोन दगडांमध्ये अडकून मोडला. फोनला रेंज नव्हती. संकटात वापरायचं यंत्र गाडीत राहिलं होतं. सात तास ती तिथं पडून होती. गाडी परत आली नाही म्हणून ती तापातली बाई शोधायला निघाली आणि तिनं तिला काढलं. हॉस्पिटलनं घरचा नंबर म्हणून मिस्टरांना फोन केला. ते मशिनवर होते. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं, तेव्हा ते अर्ध्या शिफ्टमधून निघाले आणि घरी यायचं धाडस होईना म्हणून बसनं आळंदीला गेले. तिचा शुद्धीवर आल्याचा फोन येईपर्यंत इंद्रायणीच्या घाटावर बसून राहिले.

"आणि मला सांगितलं नाही."

"तिनं शपथ घातली."

"कशासाठी?"

"तू तिला परत बोलावलं असतंस. पहिल्या फोनमध्ये. तिचं वर्ष गेलं असतं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "खरं सांग. बोलावलं नसतंस?"

मी बोलावलंच असतं. विमानतळावर जाऊन उभी राहिले असते.

मग मी फोन लावला. मुलीनं उचलला, नेहमीसारखी भिंतीला टेकून. मी म्हणाले, "पाय दाखव."

तिनं मिस्टरांकडे बघितलं, ते माझ्या मागे उभे होते. मग हळूच फोन खाली केला. गुडघ्यापर्यंत पांढरं प्लास्टर, उशीवर ठेवलेलं, बोटं सुजलेली. पलंगाला दोन कुबड्या टेकवलेल्या. ती रडायला लागली. मी रडले नाही. मला फार राग आला होता.

"ते जॅकेट कुणी घातलं?"

"माझ्याबरोबरच्या बाईंनी. माझ्याऐवजी त्या कॅमेऱ्यांकडे जातात."

"त्यांना स्वतःचं जॅकेट नाही?"

तिनं कुबडी जरा बाजूला सरकवली.

"तू घालायला लावलंस. मला ओळखू येऊ नये म्हणून."

"हो," ती म्हणाली. "आई, सॉरी."

पाय मोडला त्याचं दुःख होतंच. पण तिनं बसून विचार केला होता, आईचा डोळा कुठं पोचेल आणि तो कसा चुकवायचा, हे मला जास्त लागलं. मी तिला म्हटलं, "ते दोनशे शहात्तर फोटो पाठव."

"नको ना आई. बघू नकोस."

"पाठव. नाहीतर तुझं काम आजपासून बंद."

तिनं पाठवले. मिस्टर बघायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीनं दार लावून ते उघडले. पहिल्या पन्नासमध्ये ती पाय सोडवायचा प्रयत्न करत होती. मग पाय सुटला आणि ती ओढ्याच्या कडेला आडवी झाली. मधूनमधून हात वर करायची, म्हणून कॅमेरा फोटो काढत राहिला होता. ऊन तिच्या अंगावरून सरकत गेलं. कुठंही अंधार नव्हता. एका ठिकाणी तिनं जाळी काढून टाकली होती आणि ती तोंड उघडून ओरडत होती. तो फोटो बघून मी उठले, बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि परत बसले. पाचशे नव्वदच्या आसपास कोल्हा आला. तिच्यापासून चारपाच हातांवर उभा राहिला, मग बसला. नऊ फोटोंत तो बसलेला आहे आणि ती त्याच्याकडे तोंड करून काहीतरी बोलते आहे. मग तो उठून ओढ्यात पाणी प्याला आणि गेला. शेवटच्या फोटोंत एक उंच बाई धावत येताना दिसते, स्वेटरवर, डोक्याला रुमाल बांधलेली. वाकून मुलीचं डोकं मांडीवर घेते.

मी ते सगळे एक्सेलमध्ये भरले. माणूस, माणूस, माणूस. नऊ ठिकाणी प्राणी आणि माणूस.

पुढच्या कॉलला मुलीनंच विचारलं, "आता परत ये म्हणणार ना?"

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मिस्टर बाल्कनीतून आत येऊन उभे राहिले होते. मी म्हणाले, "प्लास्टर कधी काढणार?" ती म्हणाली सप्टेंबरमध्ये. मी म्हणाले, बरं.

मिस्टरांशी मी आठ दिवस कामापुरतंच बोलले. त्यांनी ते मुकाट्यानं सोसलं. नवव्या दिवशी ते लॅपटॉपशेजारी खुर्ची ओढून बसले आणि मूसच्या पिल्लाची उंची मागच्या महिन्यापेक्षा किती वाढली ते टेपनं स्क्रीनवर मोजायला लागले. मी स्क्रीन त्यांच्याकडे थोडा वळवला.

ऑगस्टच्या शेवटी मुलीनं त्या बाईंना कॉलवर आणलं. माझ्याच वयाच्या असाव्यात, गालावर उन्हाचे डाग. मी आभार मानले, मुलीनं ते त्यांच्या भाषेत सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या, हात हलवत, एकदा मुलीकडे बोट दाखवत. मुलगी मला म्हणाली, "त्या म्हणतात, काळजी करू नका."

"एवढं बोलल्या आणि एवढंच?"

"तसंच काहीसं."

"सगळं सांग."

तिनं सुस्कारा सोडला. "त्या म्हणतात, मी हिला हॉस्पिटलमध्येच सांगितलं होतं की आईला फोन कर. ऐकलं नाही. जॅकेट घालताना मला बरं वाटत नव्हतं. माझाही मुलगा जहाजावर असतो, तोही मला काही सांगत नाही."

मी आणि त्या बाई स्क्रीनवरून एकमेकींकडे बघत राहिलो. मी मुलीला म्हटलं, यांचा नंबर दे, वाढदिवसाला शुभेच्छा पाठवीन. तिनं दिला.

तेव्हापासून दर रविवारी मी त्या बाईंना मोबाइलवर भाषांतर करून एक ओळ पाठवते, ती कशी आहे म्हणून. त्या उत्तरादाखल एक फोटो पाठवतात. एकदा मुलगी कुबडीशिवाय दारात उभी होती. एकदा गाडीत चढताना कपाळाला आठ्या घालून. मागच्या रविवारी फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं, अजून लंगडते, तुम्हाला नाही म्हणून सांगेल. संध्याकाळी मुलीचा फोन आला. मी विचारलं, पाय कसा आहे? ती म्हणाली, "एकदम ओके, पळतेसुद्धा."

मी म्हणाले, छान.

या नंबराचं मिस्टरांनाही मी सांगितलेलं नाही.